आतली कडी

आमच्या मळ्यातल्या बायकांची पंचक्रोशीत एक ख्याती आहे. आमच्याकडे मुलगी मागायला यायचं तर लोक आधी स्वतःचं घर झाडून घेतात, कारण आम्ही ते घर बघायला जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आणि आमच्यात घर बघणं म्हणजे सोफ्यावर बसून पोहे खाऊन परत येणं नव्हे. माझ्या थोरल्या जाऊबाई पाणी प्यायच्या निमित्ताने थेट स्वयंपाकघरात शिरतात, तिथून मोरीत, मोरीतून परसदारी आणि परसदारातून शेजारणीच्या ओट्यावर. "सोयरीक करायची तर आधी मोरी बघावी," हे त्यांचं स्वतःचं वचन. बैठकीची खोली पाहुण्यांसाठी आवरतात, मोरी कुणी आवरत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. माझ्या नणंदेच्या वेळी त्यांनी मुलाकडच्या गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवला होता. हात लागल्याबरोबर जनावर दचकलं, तर त्या घरात मारझोड होते म्हणे. गाय दचकली नाही, लग्न झालं. नणंदबाई आजही सुखात आहेत आणि त्याचं श्रेय जाऊबाई गाईलाही देत नाहीत, जावयालाही देत नाहीत.

मी याच तालमीत तयार झाले. फरक इतकाच की त्या गोड बोलून माहिती काढतात आणि मी तडकते.

आमचा मळा नाशिकच्या मखमलाबाद रस्त्याला. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. दसऱ्याच्या आधी फुलं तोडायला माणसं मिळतात, हार ओवायला मिळत नाहीत. एका वर्षी इतक्या ऑर्डरी आल्या की मी अगदी घायकुतीला आले. तेव्हा कुणीतरी सांगितलं, शहरात मुलींची एक संस्था आहे, तिथल्या मुली हातकाम करून देतात. संस्था कुठे आहे ते मी लिहिणार नाही, कारण ते कुणाला कळू नये यातच तिथल्या मुलींची सुरक्षितता आहे. फसवून नेलेल्या, विकल्या गेलेल्या आणि सुटून आलेल्या मुली तिथे राहतात. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला हे एका वाक्यात सांगितलं आणि लगेच बजावलं, "त्यांना काही विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील. तुम्ही फक्त हार शिकवा." आमच्या घरच्या बाईला काही विचारू नका म्हणणं म्हणजे मांजराला दुधाशेजारी बसवून उपास धरायला लावणं. पण मी धरला.

त्या मुलींमध्ये एक पेठच्या डोंगराकडची होती. फसवून नेली तेव्हा सतरा वर्षांची होती, मी पाहिली तेव्हा एकोणीस-वीस. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. दोन दिवसांत तिचा हात असा बसला की माझेच हार तिच्यासमोर गबाळे दिसायला लागले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती दाराकडे पाठ करून कधीच बसायची नाही. मी फुलांची पाटी कुठेही ठेवली तरी ती मुकाट्याने उचलायची आणि दार समोर येईल अशी जागा धरायची. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते आमच्या ह्यांना विचारा.

पुढे दसरा तोंडावर आला तसं मॅडमच्या परवानगीने मुली संस्थेतल्या एका ताईंबरोबर दिवसा मळ्यातच यायला लागल्या. तिथे जाऊबाईंची आणि तिची गाठ पडली. जाऊबाईंना मी चार दिवस आधीपासून पढवून ठेवलं होतं, की मुलींना काही विचारायचं नाही. त्यांनी मान हलवली होती. मुलगी समोर येऊन बसली मात्र, आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला, "कोन्त्या गावची गं तू?"

मी त्यांना कोपराने ढोसलं. मुलगी खुदकन हसली. "इचारू द्या मावशी त्यांना. गावाचं नाव सांगाया काय भ्याव?" मग तिने उलट विचारलं, "मोठ्या मावशी, तुमचं माहेर कोनतं?" जाऊबाईंना आयुष्यात कुणी उलट चौकशी केलेली नव्हती. त्या खूश होऊन माहेरच्या विहिरीपासून सुरुवात करून सगळं सांगत बसल्या. संध्याकाळपर्यंत दोघींचं गूळपीठ जमलं होतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडे निंदणीला येणारी एक बाई पेढे घेऊन आली. तिची मुलगी नुकतीच बारावी झाली होती. तिला गुजरातेत साड्यांच्या मोठ्या दुकानात नोकरी लागली होती. राहणं-खाणं फुकट, तिकीटही त्यांचंच, दोन दिवसांनी निघायचं.

"कोनी लावून दिली?" जाऊबाईंनी विचारलं.

"ओळखीतलीच बाई हाय. माझ्या मावसबहिणीच्या गावची. लय चांगली हाय बोलायला."

आम्ही सगळ्यांनी पेढे तोंडात टाकले आणि पोरीने नशीब काढलं असं एकसुरात म्हणालो. फक्त एक सुई थांबली.

"घर बघाया कोन गेलं?" डोंगराकडच्या मुलीने विचारलं.

"कोन्तं घर? नोकरी हाय ती. लगीन नाय."

"ऱ्हायाचं तिथंच ना? मग लगीन काय नी नोकरी काय." तिने हातातला हार मांडीवर ठेवला. "माला नेली तवा पन ओळखीतलीच बाई होती. पॅकिंगचं काम आहा म्हनली. तिथं पोचली तं खोलीची कडी भायेरून होती. आतून नव्हतीच. एवढं कोनी आधी बघून आलं असतं ना, तं…"

तिने पुन्हा हार हातात घेतला. सुई उचलली, झेंडू ओवला आणि त्यावर दुसरा.

मी हातातला उरलेला पेढा खाली ठेवला. जाऊबाईंनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. त्या म्हणाल्या, "नवऱ्याघरची गाय सुद्दा हात लावून बघतो आपन. आन नोकरीला पोर नुसत्या ओळखीवर धाडतो?" मग निंदणीवालीकडे वळून म्हणाल्या, "त्या बाईला सांग, उद्या आमच्याकडं चहाला ये. पोर आमच्या मळ्यात वाढली हाय, आमी पन मुलीकडचेच."

बाई आली. छान साडी, हातात दोन मोबाइल, तोंडात साखर. जाऊबाईंनी तिला पाटावर बसवलं, मी चहा ठेवला आणि मग जाऊबाईंनी सुरुवात केली. माहेर कुठलं, सासर कुठलं, मामाचं आडनाव काय, दुकानाच्या मालकाचं मूळ गाव कोणतं, मुली झोपतात कुठे, स्वयंपाक कोण करतं, मोरी एकीला एक की सगळ्यांत एक. बाई ताकाला तूर लागू देत नव्हती. दर प्रश्नाला "सगळी सोय आहे" एवढंच म्हणायची. शेवटी जाऊबाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "मग आमी येतो की बघायला. पिकअप घरची हाय. तुमी फुडं व्हा, आमी बाया मागून येतो. घर पसंत पडलं का पोर धाडू."

बाईने अर्धा चहा बशीतच ठेवला. मालकाला विचारून फोन करते म्हणाली आणि गेली. तिचा फोन आला नाही, आम्ही लावला तर बंद. मी त्याच संध्याकाळी मॅडमना कळवलं, त्यांनी पोलिसांना कळवलं. पोलीस आले तेव्हा जाऊबाईंनी त्या बाईच्या साडीच्या काठापासून मामाच्या आडनावापर्यंत असं वर्णन सांगितलं की लिहून घेणारा हवालदार म्हणाला, "आजी, जरा हळू." आजी म्हटल्याचा त्यांना अजून राग आहे. काही दिवसांनी मॅडमचा निरोप आला. ती बाई एका स्टेशनवर दोन मुलींसह सापडली होती, मुली आपापल्या घरी सुखरूप पोचल्या होत्या. त्या दिवशी जाऊबाईंनी सगळ्यांसाठी पुरणपोळ्या केल्या, सण नसताना. आमच्या निंदणीवालीची लेक आता नाशकातच नर्सिंग शिकते आणि येताजाता आमचं ब्लडप्रेशर बघते.

तिथून आमच्याकडे रीतच पडली. भागातली कुठलीही मुलगी राहून करायच्या नोकरीला निघाली, की आधी बायकांनी जाऊन घर बघायचं. एक पिकअप, चार-पाच बायका, आमचे हे ड्रायव्हर आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक नारळ. डोंगराकडची मुलगी सुट्टी मागून आमच्याबरोबर यायला लागली. मोरी जाऊबाई बघायच्या, मालकाला उलटसुलट मी विचारायची आणि ती सरळ खोल्यांकडे जायची. परत येऊन एवढंच सांगायची, "कडी आतून आहा," किंवा, "नको मावशी."

पहिल्याच फेरीला अंबडच्या कारखान्यांच्या बाजूला आमची फजिती झाली. कारखानदाराचं घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून नारळ घेऊन जिना चढलो, ते पाहून त्यांच्या आईंना वाटलं नातवासाठी स्थळ आलं. मी तोंड उघडायच्या आत पोहे आले, मागोमाग भांग पाडलेला नातू आला. जाऊबाईंना पोहे आवडले म्हणून त्यांनी खाऊन होईपर्यंत खुलासा करू दिला नाही. खरं कळल्यावर त्या आई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मग आमची घर बघायची पद्धत बघून हळूच म्हणाल्या, "नातीचं बघायचं चाललंय. मुलाचं घर बघायला आमच्याकडूनही याल का?" त्या कारखान्यात आज आमच्या दोन मुली आहेत आणि नातीचं लग्नही जाऊबाईंनी मोरी पास केल्यावरच झालं.

इतकं सगळं मजेत चाललेलं असताना एका गोष्टीचा मला घोर होता. दुसऱ्यांच्या खोल्या तपासणारी ही मुलगी स्वतः कुठेच जायला तयार नव्हती. संस्थेतली तिची मुदत संपत आली होती. आई डोंगरावरून नागलीच्या भाकऱ्या घेऊन यायची, घरी चल म्हणायची. हिचं म्हणणं होतं, घरी येईन ते सुट्टीला येईन, आपल्या कमाईवर येईन. विचार चांगलाच होता. पण कामाला कुठे जायचं म्हटलं की पुढच्या महिन्यात बघू. आम्ही दाखवलेल्या प्रत्येक ठिकाणी ती काहीतरी खोड काढायची. कुठे पंखा आवाज करतो, कुठे जिना अंधारा. जाऊबाई वैतागल्या. "नाचता येईना अंगण वाकडं," असं तिच्या तोंडावर बोलून गेल्या. ती हसली, पण त्या दिवशी तिचे हार सैल झाले. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाहेर पाऊल टाकलं तर ती उभी राहील. नाहीतर चार भिंती सुटल्या आणि दुसऱ्या चार धरल्या, असं होईल." मला ते वाक्य रात्रंदिवस टोचत राहिलं. मुलगी सुटून आली होती, पण मोकळी झाली नव्हती.

मग नाशिक रोडची बेकरी सापडली. मालकीणबाई पन्नाशीच्या, पिठाने माखलेल्या, मोठ्याने बोलणाऱ्या. नवरा प्रेसमध्ये नोकरीला. "हे नोटा छापतात आणि मी खारी विकते. घरात येते ती खारीच," असं स्वतःच सांगून हसायच्या. पहाटेच्या पाळीच्या मुलींसाठी वर गच्चीला लागून खोल्या, कामाला सगळ्या बायकाच, खाली दिवसभर कॉलनीतल्या लोकांची वर्दळ. जाऊबाईंनी मोरी बघितली, बेकरीच्या मागच्या गल्लीतल्या दोन घरी चौकशी केली आणि येऊन म्हणाल्या, "सोनं हाय." मुलीनेही खाली गरम टोस्ट खाल्ला, भट्टीजवळ उभी राहिली, ट्रे ओढून बघितला. तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. मनात म्हटलं, जमलं.

वर गेलो. खोली स्वच्छ होती, खिडकीतून आंब्याचं झाड दिसत होतं. तिने दार लावून बघितलं. आतल्या बाजूला नुसती स्क्रूची भोकं होती, कडी कधीतरी तुटून पडलेली. बाहेरून मात्र चांगली जाडजूड कडी.

ती मागे वळली. जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. मी गच्चीवरून पाहिलं. आमच्या ह्यांनी तिला काही विचारलं नाही, फक्त तिच्या बाजूचं दार उघडं ठेवलं आणि स्वतः खाली उतरून झाडाखाली उभे राहिले. तीस वर्षांच्या संसारात मला हा माणूस त्या क्षणी आवडला तितका क्वचितच आवडला असेल.

इकडे मी मालकीणबाईंवर कडाडले. बाहेरून कड्या लावायला या मुली म्हणजे शेळ्या आहेत का, असंच काहीतरी बोलले. दुसरी कुणी असती तर आम्हाला हाकललं असतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, हात पुसले आणि खाली पिकअपशी गेल्या. दारापासून थोड्या लांबच उभ्या राहिल्या.

"बाळा, ती मैद्याच्या पोत्यांची खोली होती," त्या म्हणाल्या. "पोत्यांना आतून कडी लागत नाही. माणूस राहणार म्हटल्यावर मी बघायला हवं होतं, नाही बघितलं. आता कडी तू आण, तुला पटेल ती. तुझ्यासमोर बसवू. मग यायचं की नाही ते ठरव."

का म्हणून त्यांनी विचारलं नाही. आम्ही परत निघालो. मी गाडीत पदराआड रडून घेतलं.

नंतर बरेच दिवस त्या विषयाचं नाव नाही. मी रोज देवाला हात जोडायची आणि देवावरही तडकायची. एका सकाळी तिचा फोन आला. "मावशी, भद्रकालीच्या बाजारात जायाचं? कडी घ्यायाची आहा."

हार्डवेअरच्या दुकानात आम्ही अख्खी सकाळ घालवली. तिने दुकानदाराला प्रत्येक कडी काढायला लावली, हातात घेऊन सरकवली, कानाशी नेऊन आवाज ऐकला. दुकानदार शेवटी म्हणाला, "ताई, खोलीला लावायचीय की किल्ल्याला?" ती म्हणाली, "किल्ल्याचीच दाखवा." आणि खरोखरच तिने अशी दणकट कडी घेतली की ती पिशवीत घेऊन चालताना माझा हात भरून आला.

बेकरीत सुतार तयारच होता. आतली कडी त्याने बसवली. बाहेरची काढायला पुढे झाला तेव्हा तिने त्याच्या हातातला पेचकस मागून घेतला. स्क्रू गंजलेले होते. जाऊबाईंनी खोबरेल तेल सोडायला सांगितलं, मालकीणबाईंनी भट्टीजवळची एक पोरगी धाडून तेल आणवलं. एक एक स्क्रू तिने स्वतः काढला, ओठ दाताखाली धरून, घामाघूम होऊन. शेवटचा निघाला आणि ती जाड कडी खणकन खाली पडली.  मग जाऊबाईंनी ती उचलली, फुंकून धूळ उडवली आणि म्हणाल्या, "चांगली हाय. आमच्या खुराड्याला व्हईल." आजही ती आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे.

मुलीने आपली पिशवी आत ठेवली. आम्ही तिघी दाराशीच उभ्या होतो, मी, जाऊबाई आणि मालकीणबाई. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. पुन्हा उघडल्याचा, पुन्हा सरकल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

माझ्या तोंडावर कुणी दार लावलं असतं तर एरवी मी सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या दिवशी तिथे उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आनंदाचं होतं. जाऊबाईंना मात्र चहाची तलफ आली होती. त्यांनी दार वाजवलं.

आतून खणखणीत आवाज आला, "कोन आहा?"

"अगं मी. मोठी मावशी."

"कोन्त्या गावच्या? माहेर कोनतं? कोनाच्या ओळखीतल्या?"

मालकीणबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा खाकरला आणि परक्या घरी पहिल्यांदा गेल्यावर सांगावं तसं बंद दारासमोर उभं राहून सगळं सांगितलं: गाव, माहेर, माहेरची विहीर, आणि शेवटी, "ओळखीतली म्हनशील तर तुझ्याच."

 मग कडी सरकली आणि तिने दार उघडलं.